फुगे लागतात, चावत नाहीत

माझे थोरले दीर आमच्या सोड्याच्या कारखान्याची जीभ होते. निम्मे मालकही होते, पण ते कागदावर. रोजच्या कामात ते जीभच.

कारखाना हा शब्द मी उगाच मोठेपणाला वापरते. घरामागच्या दोन खोल्या, बस्स. पहिलीत बाटल्या धुवायच्या, दुसरीत भरायच्या. भिंतीला साखळीने बांधलेला गॅसचा सिलिंडर, त्याला जोडलेली स्टीलची टाकी, टाकीत थंडगार पाणी आणि गॅस घुसळून एकजीव व्हायचा. टाकीतून नळी निघायची ती भरायच्या यंत्राला, आणि त्याच्या शेजारी झाकण दाबायचं हातयंत्र. त्या हातयंत्रावर अकरा वर्षं मी. माझे यजमान टेम्पोतून माल पोचवायचे. बाटल्या धुवायला एक बाई यायची. ती दिवसभर गुणगुणायची आणि कोणी बोललं तर म्हणायची, मी कुठे गातेय! एवढाच आमचा फौजफाटा.

सकाळी आठला पहिली बाटली भरली की सगळं काम थांबायचं. भाऊजींनी तोवर चहा घेतलेला नसायचा. साध्या पाण्याने चूळ भरायची, एक घोट जिभेवर धरायचा, डोळे मिटायचे, मनात चार आकडे मोजायचे, मग मोरीत थुंकायचं. "पाव फेरा वाढव," म्हणाले की मी सिलिंडरची चावी पाव फेरा फिरवायची. "पुरे" म्हणाले की दिवस सुरू. त्या चार आकड्यांत कोणी शिंकलं तर ते असे बघायचे की शिंक परत नाकात जावी.

टाकीवर दाबाचा काटा होता, सासऱ्यांच्या काळातला. भाऊजींचं म्हणणं असं, की काटा टाकीतलं सांगतो, बाटलीत काय उतरलं ते त्याला काय कळणार, कपाळ! पाणी थंड असलं की गॅस मुरतो, जरा कोमट झालं की बसत नाही. काटा काय पाण्यात बोट घालून बघतो? आणि एकदा खरंच तसं घडलं. काटा नेहमीचा आकडा दाखवत होता आणि भाऊजी एका घोटात म्हणाले, गॅस निम्मासुद्धा नाही. उघडून पाहिलं तर काटा गंजून चिकटलेला. त्या दिवशी काट्याची अब्रू गेली ती गेलीच. बदलू बदलू म्हणत कोणी बदलला नाही. मी त्याच्यावर फडकं वाळत घालायची. हसा, हसा. आम्हीही हसायचो.

माझ्या जाऊबाई लवकर गेल्या. त्या म्हणायच्या, "यांना भाजीतली मिठाची कणी कळते, मी तीन दिवस तापाने फणफणतेय ते कळत नाही." हसून म्हणायच्या, पण म्हणायच्या. त्या गेल्यावर भाऊजींचं जेवणखाण माझ्याकडे आलं. तिखट नको, कढत नको, जीभ भाजेल. दुसऱ्या कोणाचे एवढे नखरे मी ऐकून घेतले नसते. पण अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, समोरचा कँटीनवाला नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा सोडा चाखून पाठवलेला असतो बरं का," आणि त्याचा तोरा मलाही होता. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी भाऊजी दारांच्या चौकटींना धडकायला लागले. डाव्या खांद्याला कायम निळं. मी म्हटलं, "भाऊजी, दार रुंद करून घ्यायचं का?" ते हसले नाहीत. मग एका सकाळी उजवा डोळा लालभडक, डोकं फुटायची वेळ, दोन उलट्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि काचबिंदू सांगितला. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत राहतं, त्याची बाहेर जायची वाट तुंबलीय, दाब वाढून मागची नस मरत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवायची. ऑपरेशनची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. तोवर थेंब आणि गोळ्या, आणि गोळी एकही चुकवायची नाही. बोटांना मुंग्या येतील, लघवीला सारखं जावं लागेल, त्याला घाबरायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी दम्याचं विचारलं, मुतखड्याचं विचारलं, साखरेचं विचारलं. काम काय करता, ते विचारलं नाही. आणि आमचे भाऊजी विचारल्याशिवाय तोंड उघडणाऱ्यातले नव्हतेच.

गोळ्यांनी ठणका थांबला. दोन रात्री ते नीट झोपले. तिसऱ्या दिवशी आठ वाजता घोट घेतला, चार मोजले, आणखी चार मोजले.

"अगं धाकटे, गॅस कुठे गेला?"

मी म्हटलं, "कालच्याएवढाच सोडलाय."

"फुगे लागतात, चावत नाहीत."

सोडा चावला पाहिजे, हा त्यांचा शब्द. जिभेच्या कडांना तो बारीक आंबट चावा बसला पाहिजे. नुसते फुगे काय, साबणाच्या पाण्यालाही येतात. त्या दिवशी पाव फेरा वाढवला. दुसऱ्या दिवशी अर्धा. सिलिंडर खराब म्हणून बदलून आणला, तो आणणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. टाकीवर एक झडप होती, दाब जास्त झाला की शिट्टी वाजवून गॅस सोडून द्यायची. ती शिट्टी वाजायला लागली. भाऊजी म्हणाले, "सापडलं! इथून जातोय गॅस." आणि पाना घेऊन झडप आवळून टाकली. नाचता येईना, अंगण वाकडं, असं मी आज म्हणते. त्या दिवशी मीच पाना हातात दिला होता.

झडप आवळूनही चावेना, तेव्हा पाळी माझ्यावर आली.

"झाकणं सैल बसवतेस तू. निम्मा गॅस तिथून जातोय."

अकरा वर्षांत एक झाकण माझं सैल निघालं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्यासमोर एक बाटली उघडून तोंडाला लावली. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, हा चावतोय! हा तर फाडून खातोय!"

"तुला काय कळतंय? चहा पिऊन आलेलं तोंड तुझं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे टेम्पोत क्रेट चढवत होते. म्हणाले, "दादा म्हणतोय ना, मग असेल." असेल! सख्ख्या भावाची जीभ खरी, बायकोची खोटी.

म्हणजे मला कळत होतं. हे मी लपवणार नाही. धुणाऱ्या बाईलाही कळत होतं, तिने एक घोट घेतला आणि गुणगुणणंच थांबवलं. पण आम्ही बोलून बोलून किती बोलणार? मास्तरांची जीभ चुकत नाही, हे आम्हीच गावभर सांगितलेलं. आणि गंमत बघा, गिऱ्हाईक खूश! कँटीनवाला म्हणाला, "मास्तर, काय जोर आहे हल्ली! नाकातून धूर निघतो." भाऊजींनी ते चेष्टा समजून मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा वाढवला. पुढच्या आठवड्यात टेम्पोत दोन बाटल्या आपोआप फुटल्या. उन्हाने, असं ठरलं.

जेवणं सुटली त्यांची. पानावर बसून भाताची शितं मोजायचे. एकदा मला म्हणाले, "धाकटे, डोळे गेले तर काठी घेता येते. जीभ गेली तर मी या घरात कोण?" मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून मी मनाशी ठरवलं, की निदान झाकणांचा संशय तरी त्यांच्या डोक्यातून काढायचा.

तेव्हापासून झाकण दाबलं की मी प्रत्येक बाटली उलटी करून दिव्यासमोर धरायची. झाकणाच्या कडेने फुगा सुटतोय का, ते चेहऱ्याजवळ आणून बघायची. भरताना बाटलीभोवती लोखंडी जाळी असते, काच फुटली तर आतच राहावी म्हणून. पण उलटी करून बघायची तर जाळीबाहेर काढूनच बघायला लागते. रोज सहाशे बाटल्या मी अशा नाकासमोर धरल्या. एकही झाकण गळत नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्यांना सांगायची, "एकही नाही हं, भाऊजी." ते मान हलवायचे आणि सकाळी परत चावी फिरवायला लावायचे.

बाराव्या दिवशी एक बाटली माझ्या हातात फुटली. आवाज मला आठवत नाही. धुणारी बाई किंचाळत होती ते आठवतं, आणि गालावरून काहीतरी गार वाहत होतं, ते सोडा आहे असं मला वाटत होतं.

डावा डोळा काढावा लागला.

नेलं त्याच डॉक्टरीणबाईंकडे. मी पट्टी बांधून पडलेली, गुंगी उतरत आलेली, आणि पडद्यापलीकडे यांचं बोलणं चाललेलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, बाटलीत एवढा दाब आला कसा, मोजत नाही का तुम्ही? हे म्हणाले, मोजतो ना, आमच्या दादाची जीभ आहे. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, अभिमानानेच सांगितलं, माझा डोळा नुकताच बाहेर निघालेला असताना. भाऊजीही तिथेच उभे होते.

मग डॉक्टरीणबाई भाऊजींना म्हणाल्या, "तुम्ही सोडा चाखता? हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," भाऊजी म्हणाले.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं. आपल्या शरीरात एन्झाइम म्हणून कामकरी असतात, एका पदार्थाचं दुसरं काहीतरी झटक्यात करून टाकणारे. पोटात असतात ते आपल्याला माहीत असतात, पण ते जिभेवर असतात, नाकात असतात, डोळ्यातही असतात. नाकातले तर वास आत जाता जाता मोडून त्याचं भलतंच काही करतात, आणि आपण त्यालाच वास म्हणतो. सोड्यातल्या गॅसला स्वतःचा चावा नसतो. जिभेच्या कडांवरचा एक एन्झाइम त्या गॅसचं आणि लाळेतल्या पाण्याचं आम्ल करतो, आणि ते आम्ल चावतं. अगदी तोच कामकरी डोळ्यात बसून डोळ्यातलं पाणी तयार करतो. गोळी त्याला बसवून ठेवते. डोळ्यात तो बसला की दाब उतरतो. पण गोळी रक्तातून सगळीकडे जाते, तिला डोळा कोणता न् जीभ कोणती, काही कळत नाही.

"म्हणजे सोडा ठीक होता," भाऊजी म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि झाकणंही."

मी पलीकडून ओरडणार होते, पण तोंड सुजलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं: ऑपरेशनला अजून दोन महिने आहेत, गोळ्या थांबवायच्या नाहीत. चाखणं थांबवा, गोळ्या नाही. यांनी त्याच दिवशी नवा काटा आणून टाकीवर बसवला. तेव्हा दिसलं की आम्ही दुपटीच्याही वर गेलो होतो.

मी घरी आले. खोबणीवर कापूस, त्यावर काळा चष्मा. चष्म्याखालून गालावर शिवण दिसायची. भाऊजी माझ्याशी बोलायचे ते माझ्या पायांकडे बघून. ताट वाढलं तर ताटाकडे बघायचे. अंगणातून मी येताना दिसले की मोरीत जायचे हात धुवायला. एकदा मी मुद्दाम समोर उभी राहिले आणि म्हटलं, "भाऊजी, वर बघा की एकदा." ते म्हणाले, "कपडे वाळत घातलेस का? वारा सुटलाय." वारा! मला त्या दिवशी त्यांच्या डोक्यात ताट घालावंसं वाटलं. मला माफी नको होती. माझ्या जागी झाकणं दाबायला दुसरी बाई ठेवली, तिचीही मला असूया नव्हती. मला एवढंच हवं होतं, की त्यांच्या हट्टाने माझ्या तोंडाचं काय झालं ते त्यांनी रोज बघावं. बघायला काय लागतं? डोळे लागतात, आणि ते त्यांना होते.

तीन आठवड्यांनी एका सकाळी हे भरायच्या खोलीतून धावत घरात आले. चेहरा फुललेला.

"अगं, दादाने आज चाखला! म्हणाला, किंचित जास्त चावतोय, पाव फेरा उतरव. आणि नवा काटा बघतो तर खरंच दोन रेघा वर! दादाची जीभ परत आली गं!"

पेढे वाटायचेच बाकी होते. मी हातातली पळी खाली ठेवली.

"अहो," मी म्हटलं, "जीभ परत आली म्हणजे काय झालं, ते कळतंय का तुम्हाला?"

यांना कळेना. मी भाऊजींच्या खोलीत गेले. उशीखाली गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, एकही गोळी फोडलेली नाही. मी दवाखान्यातून घरी आले त्या तारखेपासूनच्या सगळ्या.

"गोळ्या बंद केल्यात?"

"कोण म्हणतं?"

"तुमची जीभ म्हणतेय!"

ते खाटेच्या कडेला बसले. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "तुझा डोळा त्या गोळीने गेला. तीच गोळी गिळून मी माझे दोन्ही सांभाळू? घशाखाली उतरत नाही गं."

"गोळीने नाही गेला!" मी एवढी ओरडले की धुणारी बाई धावत आली. "ती बिचारी तिचं काम करत होती. तुमच्या ताठ्याने गेला. आणि माझ्या शहाणपणाने, मला कोणी उलट्या बाटल्या नाकासमोर धरायला सांगितल्या नव्हत्या. तुम्ही आंधळे झालात म्हणून माझा डोळा उगवणार आहे का? की दोन आंधळ्यांचं मीच करू, एका डोळ्याने?"

"दोन कोण?" यांनी दारातून विचारलं.

"तुम्हालाही दिसत नाहीच की!"

त्या दिवसापासून गोळी मी स्वतः द्यायला लागले. सकाळ-संध्याकाळ, तळहातावर गोळी, वर पाण्याचा पेला, गिळेपर्यंत समोर उभी. ते गिळायचे. मान खाली घालून, शहाण्या पोरासारखं. आठवड्याने मोरीची जाळी तुंबली म्हणून धुणाऱ्या बाईने ती उपसली, तर खालून पांढरा लगदा निघाला. जिभेखाली धरायचे आणि मोरीत थुंकायचे. आयुष्यभर थुंकायचंच तर शिकले होते. मी तो लगदा हातावर घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले, तोवर ते डोकं दोन्ही हातांनी धरून भिंतीशी बसलेले होते आणि खाली उलटी पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ऑपरेशन केलं. दाब उतरला. नजर मात्र परत आली नाही. उजव्यात पूर्ण काळोख, डाव्यात दिवा लावलाय की विझवलाय एवढं कळतं. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं.

घरी आणलं. भाऊजींना मी खाटेवर बसवलं, पाठीशी उशी दिली, चहाचा पेला हातात धरवला. त्यांनी एक घोट घेतला, साखर बरोबर आहे म्हणाले. मग तोंड वर केलं आणि सरळ माझ्या चेहऱ्याच्या दिशेने धरलं. मी दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. चेहऱ्यावर एकदम निवांतपणा, बाजारातून ओझं आणून खाली ठेवल्यावर येतो तसा.

"कशी आहेस, धाकटे?" त्यांनी विचारलं.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. सुटले होते ते. आता खुशाल कितीही वेळ माझ्याकडे तोंड करून बसायला मोकळे. मी पेला काढून खाली ठेवला, चष्मा उतरवला, त्यांचा उजवा हात मनगटाला धरून ओढला आणि त्यांची बोटं माझ्या रिकाम्या खोबणीवर ठेवली. ते हात मागे ओढायला लागले, मी सोडला नाही. बोटं शिवणीवरून गालापर्यंत नेली आणि परत वर आणली.

"अशी आहे," मी म्हटलं. "नीट बघा."